हात पोचला तिथवर

बारकूच्या सलूनला रीतसर नाव होतं आणि त्या नावाची पाटीही होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. लोक म्हणत, झाडवालं सलून. आत शिरलं की डाव्या हाताला, आरसा आणि दार यांच्या मधल्या कोपऱ्यात, एक रबराचं झाड उभं असे. उभं कसलं, ऐसपैस पसरलेलं. ताटाएवढाली जाड, गर्द हिरवी पानं, आणि शेंडा थेट छताला टेकलेला. बारकू स्वतः उंचीनं बेताचा, त्यामुळे गिऱ्हाईक खुर्चीत बसलं तरी दोघांचे डोळे आरशात एकाच रेषेत येत. झाडापुढे तर तो फारच बारका दिसे. पण त्या झाडाचा त्याला अभिमान इतका, की ते आपल्यापेक्षा उंच झालं याचंही श्रेय तो स्वतःकडेच घेई.

झाड ताईनं दिलेलं होतं. बारकूला कळायला लागायच्या आत आई गेली, आणि त्याला लहानाचं मोठं केलं ते ताईनं. 'बारक्या' हे नावही तिचंच. त्याच्या हातात पहिल्यांदा कंगवा आला तोही तिची कमरेखाली रुळणारी वेणी विंचरताना. ती पुढे खाली बसे, हा मागे स्टुलावर, आणि गुंता सोडवताना ओढ बसली की ती न ओरडता नुसती मान हलवी. हलक्या हाताचा कारागीर म्हणून बारकूचं पुढं जे नाव झालं, त्याचं सगळं शिक्षण त्या वेणीवर झालेलं. पण कात्री त्यानं त्या वेणीला कधी लावली नाही. ताईनं बजावून ठेवलं होतं, की जगाचे केस काप बाबा, माझ्या केसांना हात लावायचा तो कंगव्यापुरता.

सलून उघडलं त्या दिवशी सकाळी ताईनं लहानपणी लावायची तसं त्याच्या डोक्याला तेल चोपडलं, आणि मग पिशवीतून एक कुंडी काढली. कुंडीत बोटभर काडी आणि दोन पानं. हे जगलं म्हणजे दुकानाची काळजी नको, असं ती म्हणाली आणि तळव्याला उरलेलं तेल तिनं त्या दोन पानांवर पुसून टाकलं. पानं अशी चमकली की बारकू बघतच राहिला. तेव्हापासून नेम झाला. रविवारी दुकान बंद करताना कापसावर दोन थेंब तेल घ्यायचं आणि पानांची पाठ, म्हणजे वरची चमकदार बाजू, पुसायची. झाडानं कधी तक्रार केली नाही. ताई दुसऱ्या गावी राही. फोन आला की आधी झाड कसं आहे ते विचारी, मग बारकू कसा आहे ते. बारकूला त्यात काही वावगं वाटत नसे.

सगळं बिघडलं ते दुकान हलवलं तेव्हा.

बायकोला बायकांसाठी वेगळं पार्लर काढायचं होतं, आणि जुन्या दुकानात दोन माणसं एकमेकांना ओलांडून जायची तर एकानं श्वास आत ओढून घ्यावा लागे. समोरच्याच बाजूला मोठी जागा मिळाली. पडदा लावून दोन भाग झाले, नव्या खुर्च्या आल्या, एसी आला. राहता राहिलं झाड. ते उचलायला तिघं रोजचे गिऱ्हाईक हौसेनं पुढं आले आणि कुंडी हलेचना. इतक्या वर्षांत मुळांनी कुंडीच्या बुडाच्या भोकातून बाहेर येऊन फरशीच्या फटीत घर केलं होतं. तिघांनी एक-दोन-तीन म्हणून जोर लावला, कटकट असा आवाज झाला, आणि झाड सुटलं. निम्मी मुळं जुन्या दुकानातच राहिली. बारकूनं चमकून फरशीकडे पाहिलं, पण सगळे घामाघूम होऊन हसत होते, म्हणून तोही हसला.

नव्या दुकानात त्यानं झाडाला मानाची जागा दिली. एसीच्या बरोब्बर खाली. एवढ्या श्रमानंतर जरा गार वारा लागावा, हा त्यामागचा विचार.

आठवड्याच्या आत पहिलं पान गळालं. मग दुसरं, तिसरं. गिऱ्हाइकाच्या मानेभोवतीचं कापड झटकताना केसांबरोबर पिवळी पानंही झाडून काढावी लागू लागली. त्यातच ताईचा फोन आला, की पुढच्या महिन्यात ती नवं दुकान बघायला येते आहे. झाड कसं आहे, तिनं विचारलं. मजेत आहे, बारकू म्हणाला. ताईशी खोटं बोलण्याचा त्याला सराव नव्हता, त्यामुळे तो ते दोनदा म्हणाला. तिनंही एक विचित्र प्रश्न विचारला. तुझ्या दुकानात सकाळी अगदी कुणीच नसतं अशी वेळ कोणती? बारकूनं वेळ सांगितली, पण त्याचं डोकं झाडात अडकलेलं, म्हणून ती असं का विचारते आहे याचा विचार त्यानं केला नाही.

आता माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच तो जास्त करतो. बारकूला मालिश येत होती. त्यानं रविवारचा नेम रोजचा केला. कापूस सोडून बोटांवर आला, आणि पानाच्या पाठीवर भागेना तेव्हा पान उलटं करून पोटाकडूनही तेल जिरवू लागला. देठापासून टोकापर्यंत, बोटांच्या पेरांनी, गोल गोल. अर्ध्या शहराला खुर्चीत झोप आणणारी ती मालिश. पडद्याआडून बायको हे बघे आणि म्हणे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी असं ऐकून होते, आमचा त्याच्याही पुढं गेला. बारकू पुढच्या पानाकडे वळे. एकेक पान त्याच्या हातात असतानाच देठातून सुटून येई, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राही.

अशात एके दिवशी सर आले. सर कॉलेजात झाडं शिकवत. त्यांच्या डोक्यावर कानांच्या वर तेवढी एक झालर उरली होती, तरी दर आठवड्याला ती नीट करून घ्यायला ते न चुकता येत. कात्रीचं काम फार तर चार मिनिटांचं, गप्पा तासाभराच्या. त्यांनी झाडाकडे बघून काय झालं विचारलं आणि बारकूनं मन मोकळं केलं. मुळं, एसी, ताई, रोजची मालिश, सगळं. मग शेंड्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "वरची तेवढी पानं अजून धरून आहेत बघा. तिथं माझा हात पोचत नाही, त्यामुळे त्यांची बिचाऱ्यांची सेवाच होत नाही."

सर आरशात त्याच्याकडे बघत राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, की उद्या दुकानात एक यंत्र घेऊन आलो तर चालेल का.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच सूक्ष्मदर्शक घेऊन आले आणि दाढीच्या साबणाच्या वाट्या बाजूला सारून आरशापुढच्या फळीवर ते मांडलं. आल्या आल्या त्यांनी बिनरंगी नेलपॉलिश मागितलं. रांगेत बसलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. बायकोनं पडद्याआडून बाटली दिली, पण सर कुणाच्या नखाला लावणार आहेत हे बघायला ती स्वतःही बाहेर आली. सरांनी शेजारच्या दुकानातून आणवलेल्या स्टुलावर चढून शेंड्याचं एक पान तोडलं, उलटं केलं, पोटावर ते नेलपॉलिश लावलं आणि वाळू दिलं. मग वर चिकटपट्टी दाबून अलगद ओढली. नेलपॉलिशचा पातळ पापुद्रा पट्टीला चिकटून आला. त्यावर पानाचा ठसा असतो, त्यांनी सांगितलं, अंगठ्याचा असतो तसा. खालच्या, मालिश झालेल्या पानावर तोच प्रयोग केला, तर नेलपॉलिश धरेचना. तेलावरून घसरत राहिलं. कसाबसा एक डागाळलेला पापुद्रा निघाला.

पहिला ठसा यंत्राखाली ठेवून त्यांनी बारकूला पुढं बोलावलं. बारकूनं एक डोळा मिटला, दुसरा लावला, आणि बराच वेळ तो हललाच नाही.

"ओठ आहेत," शेवटी तो म्हणाला. "सर, पानाला ओठ आहेत. शेकड्यांनी."

मग रांगच लागली. एका गालाला फेस, दुसरा गाल साफ, अशा अवस्थेतला एक गृहस्थ खुर्चीतून उठून आला आणि भिंगाला फेस लावून गेला. जो तो बघे आणि ओठ दिसले म्हणून नकळत आपले मिटून घेई. एकीकडे सर समजावून सांगत होते. या झाडाची अशी तोंडं पानाच्या पोटाकडे असतात, पाठीवर नसतात. म्हणूनच इतकी वर्षं नुसती पाठ पुसली तोवर खपून गेलं. उजेड आला की ही तोंडं उघडतात आणि हवा आत घेतात, त्या हवेवर आणि उन्हावर झाड आपलं अन्न तयार करतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन निसटतं. पाणी कमी पडायला लागलं की ओठ मिटतात. मिटले की पाणी राहतं, पण मग उपास घडतो. पोट भरायचं तर पाणी घालवायचं आणि पाणी राखायचं तर उपाशी राहायचं, अशी प्रत्येक पानाची दिवसभर ओढाताण चालू असते, आणि ती ते मुकाट्यानं सांभाळत असतं.

बायको म्हणाली, हे तर आमच्या घरासारखंच झालं. लोक हसले. बारकू हसला नाही, कारण तोवर सरांनी दुसरा ठसा यंत्राखाली ठेवला होता. त्यात ओठ नव्हते. नुसता चिकट, धूसर पट्टा.

"मी त्याचं तोंड दाबून धरलं होतं," बारकू म्हणाला. "रोज."

हाताच्या कांकणाला आरसा लागत नाही, आणि इथं तर आरसेही चार होते. त्यानं झाडाकडे पाहिलं. जिथवर त्याचा हात पोचला होता तिथवर चार-दोन पानं सोडली तर खोड उघडं पडलं होतं, आणि जिथं पोचला नव्हता तिथं अजून हिरवं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढच्या गिऱ्हाइकाला त्यानं बायकोच्या खुर्चीत बसवलं.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, की तेल हा एक भाग झाला, दुसराही आहे. मुळं तुटून निम्मी झाली, आणि वर एसीचा कोरडा वारा पानांतलं पाणी शोषतोय. एवढा पसारा पाजणं आता उरलेल्या मुळांच्या आवाक्यात नाही. नाकापेक्षा मोती जड झालाय. खालची पानं धुवा, झाड वाऱ्यातून हलवा आणि वरून कापा. मुळं पाहून पानं पसरावीत, असं म्हणून ते स्वतःच्याच म्हणीवर खूश झाले. शेंड्याचीही चांगली पानं कापायची का, बारकूनं विचारलं. सर म्हणाले, शेंड्याचीच कापायची.

धुण्याचं काम सोपं होतं. शाम्पूचे चार थेंब बादलीभर पाण्यात टाकून बारकूनं उरलेलं पान न् पान तळहातावर घेऊन धुतलं, तेलाचा बुळबुळीतपणा जाईस्तोवर. झाड खिडकीजवळ आणलं. पण कात्री हातात घेतल्यावर मात्र त्याचं धैर्य सरलं. ज्या माणसानं पहिल्यांदाच खुर्चीत बसलेल्या, किंचाळणाऱ्या पोरांचे केस त्यांना हसवत कापले, ज्यानं नवरदेवांच्या थरथरत्या गालांवर वस्तरा चालवला, तो झाडापुढे कात्री उघडून नुसता उभा. बायकोनं मी कापते म्हटलं. त्याला तेही चालेना. शेवटी त्यानं जे येतं तेच करायचं ठरवलं. गिऱ्हाइकाचं कापड काढलं, झटकलं आणि कुंडीच्या गळ्याभोवती बांधलं. फवाऱ्यानं पानांवर पाणी मारलं. स्टुलावर चढला, आणि सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "बारीक करायचे की मध्यम?"

बायको पोट धरून हसली, आणि ती हसते आहे तोवर त्यानं शेंडा कापला. कापल्या जागी पांढरं दूध आलं. त्यानं फळीवरची तुरटी उचलली आणि दाढीत ओरखडा उठल्यावर दाबतात तशी दाबून धरली. तिचा झाडाला काय उपयोग झाला हे सरांनाही सांगता आलं नाही. हाताला मात्र झाला, कारण तो पुढं अडला नाही. मग खोड टप्प्याटप्प्यानं खाली आणत एकेक मोठं पान त्यानं उतरवलं. उरलं ते कमरेएवढं खोड आणि मोजकी पानं. वरून त्यानं केस रंगवताना वापरायचं पारदर्शक प्लास्टिक सैलसर पांघरलं, म्हणजे आतली हवा दमट राहील. दुसऱ्या आठवड्यात सर आले तेव्हा झाड बघून त्यांना कोण आनंद झाला. दुकानात आता आपण एकटे नाही, असं ते म्हणाले.

त्यानंतर बारकूच्या हाती काही उरलं नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं. तेल नाही, मालिश नाही. येता-जाता प्लास्टिक उचलून बघायचं आणि परत सोडायचं. पानं गळायची थांबली, पण नवं काही येईना. ताईचा दिवस मात्र येत होता.

ताई आली ती बारकूनं सांगितलेल्या वेळी, दुकानात चिटपाखरू नसताना. डोक्याला रुमाल गच्च बांधलेला. बारकूनं झाड पडद्यामागे, बायकोच्या बाजूला लपवून ठेवलं होतं. ताईनं नव्या खुर्च्या पाहिल्या, एसी पाहिला, छान आहे म्हणाली, आणि जुन्या सवयीनं डावीकडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. झाड कुठंय, तिनं विचारलं. बायकोनं बारकूकडे पाहिलं. आता बोल, असं त्या बघण्यात होतं. बारकूनं पडदा सारला आणि प्लास्टिक काढलं.

मग त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. मुळं कशी तुटली, फोनवर तो खोटं कसा बोलला, तेल कसं लावलं, ओठ कसे दिसले आणि कात्री कशी चालवली. तुझं झाड मीच कापलं, असं म्हणून तो थांबला आणि तिच्या रागावण्याची वाट बघत उभा राहिला.

ताई रागावली नाही. ती जवळच्या खुर्चीत बसली आणि तिनं रुमालाची गाठ सोडली.

वेणी नव्हती. केस एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला मानेपर्यंत, आणि मागे तर उंदरानं कुरतडल्यासारखे. बारकू खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"कुणी कापले हे?"

"मीच. आरशात बघून." ताई जमिनीकडे बघत म्हणाली. "हात खांद्याच्या वर जात नाही रे आता. रोज वेणी घालायला शेजारणीला हाक मारायची. एक दिवस कंटाळले आणि घेतली कात्री."

"मला नाही सांगितलंस?"

"तू रडला असतास."

तो रडतच होता. बायकोनं दोघांना रडू दिलं, मग पुरे झालं म्हणाली आणि तिनंच कापड आणून ताईच्या गळ्याभोवती बांधलं. बारकूनं आयुष्यात पहिल्यांदा ताईच्या केसांना कात्री लावली. कुणाच्याही डोक्यावर केलं नसेल इतकं हळू काम त्यानं केलं. ताई मधेच एकदा म्हणाली, की मान कशी हलकी झालीय, इतकी वर्षं केवढं ओझं वागवलं. एकदा म्हणाली, ओढ बसत नाहीये, शिकलास की रे. काम झाल्यावर तिनं आरशात बघितलं आणि मान दोन्हीकडे वळवून पुन्हा बघितलं. तिला ते आवडलं होतं, आणि आवडलं याचं थोडं आश्चर्यही वाटत होतं.

मग ती उठली आणि बारकूला म्हणाली, "बस."

फळीवरची तेलाची बाटली तिनं उचलली. बारकू म्हणाला, अगं तुझा हात वर जात नाही ना. वर कुठं न्यायचाय, ताई म्हणाली. बारकू बसला आणि त्यानं पायानं खुर्ची खाली घेतली. फार घ्यावी लागली नाही. ताईचा हात सहज पोचला. तिनं पूर्वीसारखं टाळूवर तेल ओतलं आणि पूर्वीसारखंच जरा जास्त जोरानं चोपडलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

ती थांबली तशी त्यानं डोळे उघडले. ताई झाडापाशी उभी होती. खोडाच्या कापल्या टोकाखाली, बारकूनं रोज वरून बघितल्यामुळे त्याला कधी न दिसलेला, एक लाल टोकदार कोंब फुटला होता. तो बघायला ती वाकली होती. कोंबाशेजारचं पान तिनं उलटं केलं होतं, आणि तळव्याला उरलेलं तेल पुसायला तिचा दुसरा हात त्याच्या पोटाकडे निघाला होता.

बारकूनं खुर्चीतून उडी मारून तिचं मनगट धरलं.

"तिथं नको, ताई," तो म्हणाला आणि तो हात त्यानं आपल्या डोक्यावर आणून ठेवला. "इथं पूस."